बी विंग ग्रुप: आईच्या पायाला बूट कुठला?

*बी-३०४:* दुसऱ्या मजल्यावरची पायरीची फरशी हलते हे मी इथे तीनदा लिहिलं होतं. काल आई नेमकी तिथेच पाय मुडपून पडली. उजव्या पायाच्या बाहेरच्या घोट्याला चीर आहे. हाड सरकलेलं नाही, पण ६ आठवडे वॉकर बूट (पाय हलू न देणारा, पट्ट्यांचा आधाराचा बूट) सांगितलाय. दुकानात उंच, आखूड, हवा भरायचा असे प्रकार दाखवले. कोणी वापरलाय का?

*बी-१०२ काका:* नवा कशाला? माझा पडून आहे. घेऊन जा.

*बी-२०१ काकू:* अरे देवा! वहिनींना जेवणखाण काही लागलं तर हक्काने सांग. पण एक्स-रेची घाई कशाला केलीत? मुरगळलं की शेकायचं, दोन दिवसांत उतरतं.

*सेक्रेटरी:* वहिनींना लवकर आराम पडो 🙏 फरशीचा विषय पुढच्या मीटिंगमध्ये घेतो.

*बी-३०१:* मीटिंगपर्यंत अजून किती जणांनी पडायचं?

*सेक्रेटरी:* सगळ्यांनी मेंटेनन्स वेळेवर भरला तर गवंडीही वेळेवर येईल.

*बी-३०१:* माझा मेंटेनन्स मधेच कुठून आला? पावती टाकू का इथे?

*बी-४०३ फिजिओ ताई:* भांडण नंतर करा. काकू, ताज्या दुखापतीला शेकू नका, सूज वाढते. आणि ४ पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबून दुखत असेल तर एक्स-रे हवाच. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये हे नियम मांडले, आजही तेच वापरतात.

*बी-१०२ काका:* ताई, बूट आहे म्हणतोय मी. उगाच खर्च कशाला?

*बी-४०३ फिजिओ ताई:* काका, तुमचं बोट मोडलं होतं ना? म्हणजे तुमचा आखूड असणार. तो बोटांना, पंजाच्या हाडांना चालतो. घोट्याला चीर असेल तर साधारण गुडघ्याच्या खालपर्यंत येणारा उंच लागतो, नाहीतर घोटा आतल्या आत हलत राहतो. ३०४, तरी चिठ्ठीत नुसतं 'वॉकर बूट' असेल तर डॉक्टरांना फोन करून उंच की आखूड आणि पायावर भार किती टाकायचा, हे दोन्ही विचार.

*बी-१०२ काका:* बूट तो बूट. मी त्यातच बरा झालो.

*बी-५०२:* काकांचा बूट सोसायटीची मालमत्ता जाहीर करा 😄

*बी-३०४:* आई रात्रभर झोपलेली नाही. थट्टा नको.

*बी-५०२:* सॉरी रे. चुकलं माझं.

*बी-३०४:* काका, तुमचा मान ठेवून सकाळी घालून पाहिला. टाचेमागे माझं बोट सहज जात होतं. आतला फोम तुमच्या पायाच्या आकारात दबलाय, त्यामुळे पट्टे ओढले तरी पाय पुढे सरकतो आणि बोटं कडेबाहेर येतात. परत आणून देतो.

*बी-१०२ काका:* ठीक आहे. देणाऱ्याची चूक.

*बी-४०३ फिजिओ ताई:* काका, मनाला लावून घेऊ नका. दुसऱ्याच्या पायात बसलेला बूट असाच वागतो. ३०४, दुकानात आईंना बसवून बघ. टाच पूर्ण मागे टेकवायची, मग पट्टे बोटांकडून वर बांधत यायचे. आत सुरकुती न पडणारा लांब मोजा. सूज कमीजास्त होते म्हणून हवेचा बरा पडतो, पण हवा बेताची. बोटं बधिर किंवा निळसर झाली तर लगेच सोडायची. आईंना शुगर आहे ना? मग रोज बूट काढून टाच आणि घोट्याची हाडं डोळ्यांनी बघायची. संवेदना कमी असली तर जखम झालेली कळत नाही. पोटरी दुखून सुजली तर त्याच दिवशी डॉक्टर. दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सी, रक्ताची गुठळी असू शकते.

*बी-२०१ काकू:* बूट घातला की कमर धरते म्हणतात, खरं का?

*बी-४०३ फिजिओ ताई:* खरं. तळ जाड आणि गोलसर असतो, तो पाय उंच होतो. डाव्या पायात तेवढाच जाड तळाचा बूट घालायचा. काठी डाव्या हातात.

*बी-१०२ काका:* डाव्या पायासाठी जाड तळाचा माझ्याकडे आहे. बघणार का?

*बी-३०४:* चालेल काका, संध्याकाळी मापाला आणतो आईचा पाय. म्हणजे आईची चप्पल 🙏 उंच बूट घेतला. दारापर्यंत चालली. टाच हलत नाहीये.

*बी-३०१:* सेक्रेटरी साहेब, फरशी?

*सेक्रेटरी:* गवंड्याला उद्या सकाळी ९ ला बोलावलंय.

*बी-३०१:* तोपर्यंत त्या पायरीवर निदान कुंडी तरी ठेवा.

*बी-२०१ काकू:* कुंडी नको. अंधारात तिला अडखळून अजून कोणी पडेल. दोरी बांधा.