शब्दचर्चा : 'मिनरल' वाइन, चुनखडी आणि चुनखडक

प्रश्न : शाब्ली या फ्रेंच पांढऱ्या वाइनविषयीच्या मजकुराचा अनुवाद करताना 'मिनरल' चवीसाठी 'खनिजयुक्त' आणि तिथल्या जमिनीसाठी 'चुनखडीची जमीन' असे लिहिले आहे. लातूर-धाराशिवकडच्या द्राक्ष बागायतदारांना हे शब्द खटकतील काय?

उत्तर : दोन्ही खटकतील, दुसरा अधिक. मराठवाड्यात चुनखडीची जमीन म्हटले की बेसाल्टपासून झालेली, पांढरे खडे मिसळलेली, आम्लाचा थेंब पडताच फसफसणारी जमीन डोळ्यांसमोर येते. तिच्यात मुक्त चुना वाढला की झाडाला लोह उचलता येत नाही आणि मोसंबी असो वा द्राक्ष, कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. म्हणजे बागायतदाराच्या तोंडी हा तक्रारीचाच शब्द आहे, आणि वाइनची थोरवी त्याच शब्दाने सांगितली तर तो बुचकळ्यात पडेल. शाब्ली वाइन जिथे होते त्या शाब्ली गावाच्या परिसरात सरँ नदीच्या दोन्ही बाजूंच्या उतारांवर, सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचलेल्या चुनखडकाचे आणि चुनामिश्रित चिकणमातीचे थर आहेत. किमरिजियन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या थरांत स्वल्पविरामाच्या आकाराच्या बारीक कालवांचे जीवाश्म सापडतात. तेव्हा 'चुनखडकावरची जमीन' असे लिहावे. (पाने पिवळी पडण्याचा त्रास तिथल्या बागायतदारांनाही चुकलेला नाही, म्हणून तर शार्दने द्राक्षाची कलमे चुना सोसणाऱ्या ४१-बी नावाच्या खुंटावर (मुळांसाठी वापरलेल्या द्राक्षवेलीवर) करतात.)

'खनिजयुक्त' या शब्दाने खडक वाइनमध्ये उतरला असे सूचित होते, आणि तसे घडत नाही. मुळे दगड शोषत नाहीत, पाण्यात विरघळलेले आयन (विद्युतभार असलेले सूक्ष्म कण) घेतात. शिवाय चुनखडकाला स्वतःची अशी चव जवळपास नसतेच. भूवैज्ञानिक अॅलेक्स मॉल्टमन यांनी हे वारंवार मांडले आहे. थंड हवेमुळे टिकून राहिलेली आंबटाई, फळांच्या वासाचा संयम आणि बेंझिनमिथेनथायोलसारखी गंधकाची संयुगे यांच्याकडे 'मिनरल' चवीच्या अनुभवाचे श्रेय अधिक जाते. या संयुगाचा वास कसा, हे मराठी वाचकाला वेगळे समजावावे लागणार नाही : अंधारात दोन गारगोट्या एकमेकींवर घासल्या की ठिणगीपाठोपाठ नाकाशी येतो, तो. फ्रेंच लोकही जुन्या बंदुकीत ठिणगी पाडणाऱ्या गारगोटीचेच नाव घेतात. म्हणून वासासाठी 'गारगोटीचा वास', आणि एकूण अनुभवासाठी, दुसरा शब्द सुचेपर्यंत, 'खनिजछटा'.

'मृद्गंध' मात्र टाळावा, कारण पावसाच्या त्या वासामागचे जिओस्मिन वाइनमध्ये दोष समजले जाते.

आणखी एक प्रश्न : चवीतल्या किंचित खारेपणासाठी 'मचूळ' चालेल का?

उत्तर : नाही. आपल्याकडे बोअरचे पाणी मचूळ असते, आणि ते कोणी हौसेने पीत नाही. 'किंचित खारी' पुरे.