अनुभव धागा : स्लीव्हमोर आणि डुआ – आयर्लंडमधलं एक गाव कसं वाचावं

आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, मेयो काउंटीत अ‍ॅकिल नावाचं बेट आहे. १८८७ पासून पूल आहे, त्यामुळे गाडी थेट आत जाते. लोकवस्ती अडीच हजारांच्या आसपास. तिथे स्लीव्हमोर डोंगराच्या दक्षिण उतारावर दीडेक किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात ८० ते १०० दगडी घरं छपराविना उभी आहेत, आणि खाली किनाऱ्यावर डुआ हे नांदतं गाव आहे. वरची माणसं खाली आली, पण त्यानंतरही कित्येक वर्षं उन्हाळ्यात गुरं घेऊन वर जात राहिली. म्हणून ही दोन गावं नव्हेत, एकाच गावाचे दोन मुक्काम आहेत.

या धाग्यावर प्रवासवर्णन नको. ज्यांना तिथल्या भिंती, शेती, सरपण, कागदपत्रं यांतलं हातचं माहीत आहे त्यांनी ते नेमकं लिहावं. काय बघायचं, कसं करतात, कुठे चुकतं, का चुकतं.

दगडी बांधकामाबद्दल

घरं बघताना आधी दिशा बघा. बरीच घरं आखूड बाजू डोंगराकडे करून बांधलेली आहेत. लांब भिंत उताराला आडवी घातली तर वरून येणारं पाणी तिच्यामागे तुंबतं आणि पाया फुगतो. आखूड बाजू वर केली की पाणी दोन्ही अंगांनी निघून जातं. दारं बहुतेक पूर्वेला, कारण वारा अटलांटिकवरून, म्हणजे पश्चिमेकडून येतो.

आत गेलात की खालच्या टोकाच्या भिंतीत गुडघ्याच्या उंचीवर दगडी कडी किंवा भोक शोधा. ती गुरं बांधायची जागा. माणसं वरच्या टोकाला चुलीपाशी, गुरं खालच्या टोकाला, मध्ये फार तर उथळ गटार. उतार तसा ठेवलेला असतो, म्हणजे मूत्र माणसांकडे येत नाही. एका खोलीत सगळं होतं, पण ती अडाण्यांची अव्यवस्था नव्हती. गुरांच्या अंगाची ऊब फुकट मिळायची आणि शेण वाहून न्यायचं अंतर कमी व्हायचं.

भिंतीत चुना नाही. कोकणातल्या गडग्यासारखं कोरडं काम आहे, फक्त जाड. दोन बाजूंना दोन तोंडं रचायची, पोटात बारीक दगड भरायचे, आणि ठरावीक अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड घालायचा. तो आरपार दगड घालायचा राहून गेला की काही वर्षांनी भिंतीला पोट येतं. आज पडलेल्या भिंती नीट बघितल्यात तर बहुतेक ठिकाणी हेच दिसेल. शेताच्या बांधांचं उलट असतं. तिथे एकेरी दगड, मुद्दाम फटी ठेवून. वारा फटीतून निघून जातो आणि भिंत टिकते. फटी बुजवून 'दुरुस्त' केलेला बांध पहिल्या मोठ्या वादळात आडवा होतो.

छपराबद्दल लिहायचं राहून गेलं, ते

बेटावर झाडं जवळपास नाहीत. वासे म्हणून पीटच्या (कुजलेल्या वनस्पतींच्या, सरपण म्हणून जळणाऱ्या मातीच्या) दलदलीत गाडलेली जुनी लाकडं काढून वापरत. वाशांवर गवतासकट सोललेली मातीची सलग कातडी अंथरायची, तिच्यावर राय किंवा ओट या धान्यांचा पेंढा. एवढ्यावर शाकारणी संपत नाही. सगळ्या छपरावरून दोऱ्यांचं जाळं टाकतात आणि ते भिंतीतून बाहेर काढलेल्या दगडी खुंट्यांना बांधतात. जुन्या भिंतीच्या माथ्याशी अशा खुंट्या दिसल्या तर समजा, इथे दोरीचं छप्पर होतं. आयर्लंडच्या पूर्वेकडे पेंढा काठ्यांच्या आकड्यांनी टोचून बसवतात. इथे तसं केलं तर वारा आकड्यांसकट उपटून नेतो. ६ जानेवारी १८३९ च्या रात्री आलेल्या वादळाने देशभर हजारो छपरं नेली. 'मोठ्या वाऱ्याची रात्र' म्हणून ती आजही ओळखली जाते.

शेती आणि बटाटा

वर उतारावर उभ्या वरंब्यांच्या रेघा दिसतात, विशेषतः संध्याकाळच्या तिरप्या उन्हात. इंग्रजीत त्यांना 'आळशी वाफे' असं नाव पडलं आहे, आणि ते नाव अन्यायाचं आहे. हे हाताने केलेले गादीवाफे आहेत, आणि कष्ट प्रचंड आहेत.

कृती अशी. साधारण मीटरभर ते सव्वा मीटर रुंद पट्टी आखायची. तिच्यावर न नांगरता शेण आणि समुद्री शेवाळ पसरायचं. त्यावर बटाट्याच्या फोडी ठेवायच्या, प्रत्येक फोडीला निदान एक डोळा हवा. मग दोन्ही बाजूंची हिरवळ लॉय नावाच्या अरुंद, एकाच बाजूला पाय ठेवायच्या फावड्याने कापून वाफ्यावर उलटी पाडायची. गवत खाली, मूळ वर. बाजूला अर्धा मीटर रुंदीची चरी तयार होते, तिची माती पुढे दोनदा वाफ्यावर चढवायची. गवत कुजून खत होतं, चरीतून पाणी जातं, आणि उचललेली माती लवकर तापते. जिथे जमीन मुळात वीतभरच आहे तिथे ती दुप्पट खोल होते. वाफे उताराच्या दिशेनेच हवेत. उताराला आडवे घातले की चरीत पाणी उभं राहतं आणि बटाटा जमिनीतच सडतो. शेवाळाबरोबर शिंपल्यांची वाळूही टाकत. पीटची जमीन आंबट असते, वाळूतल्या चुन्याने ती नरमते.

रोगाबद्दल. १८४५ च्या शरद ऋतूत करपा आला तेव्हा गरीब शेतकरी मुख्यतः 'लंपर' या एकाच जातीवर होते. खराब जमिनीत भरघोस येणारी, पण या रोगापुढे उभी न राहणारी. कष्टकरी पुरुष दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खात असे, त्यामुळे पीक गेलं म्हणजे जेवणच गेलं, आणि मोठा दुष्काळ पडला. हा रोग करणाऱ्या जंतूचं नाव फायटोफ्थोरा. सुपारीच्या बागा असलेल्यांनी इथे कान टवकारावेत, कारण आपला कोळेरोग त्याच कुळातला आहे. औषधही तेच, मोरचुदाचं. आपल्याकडे १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी असं एक टक्का बोर्डो मिश्रण करतात. आयर्लंडमध्ये चुन्याऐवजी पुष्कळदा धुण्याचा सोडा घालत. दोन्हीकडे चूक एकच होते. मिश्रण आंबट राहिलं तर पानं जळतात. लोखंडी पातं बुडवून बघायचं, तांबूस थर चढला तर चुना किंवा सोडा अजून हवा. हे औषध फ्रान्समध्ये सापडलं ते १८८० च्या दशकात, म्हणजे दुष्काळानंतर चाळीस वर्षांनी.

गुरं वर का नेत असत

वरच्या प्रतिसादात एक दुवा राहून गेला. या वाफ्यांना कुंपण नव्हतं. जमीन रनडेल पद्धतीने वाटलेली होती. घरं एका जागी, वाडीसारखी. भोवतीची चांगली जमीन पट्ट्यापट्ट्यांत, प्रत्येकाला थोडी चांगली थोडी वाईट मिळावी अशी विखुरलेली, आणि मधूनमधून फेरवाटप. एका कुटुंबाचे पट्टे दहा ठिकाणी असले तर कुंपण घालणार कुठे? मग पीक उभं असताना गुरं गावात ठेवताच येत नाहीत. म्हणून मे ते साधारण ऑक्टोबर गुरं डोंगरावर. या उन्हाळी मुक्कामाला बूली म्हणतात. बहुधा तरुण मुलं-मुली तिथे राहून दूध काढत, लोणी घुसळत. पीक निघालं की गुरं खाली, आणि सगळं रान सगळ्यांना मोकळं.

स्लीव्हमोर दुष्काळात एका रात्रीत ओस पडलं, असं सर्रास सांगतात. ते खरं नाही. दुष्काळानंतरही तिथे माणसं होती. जमिनीची मालकी बदलणं, हुसकावणी, मासेमारीसाठी किनाऱ्याजवळ असण्याचा फायदा, परदेशगमन, असं सगळं मिळून गाव हळूहळू खाली सरकलं. डुआ आणि आसपासच्या लोकांनी तीच घरं पुढे बूलीसाठी वापरली, थेट विसाव्या शतकापर्यंत.

कागदपत्रं

गावाचा शोध घेताना पहिली चूक नावातच होते. आयर्लंडमध्ये महसुली एकक गाव नसून टाउनलँड आहे. आपल्या भाषेत शिवार म्हणा. देशात अशी ६० हजारांवर शिवारं आहेत. आधी शिवाराचं अधिकृत नाव आणि त्याचं आयरिश रूप काढा. इंग्रजी नावं ऐकून लिहिलेली आहेत. 'बॅली' म्हणजे बाले (वस्ती), 'किल' म्हणजे चर्च, 'नॉक' म्हणजे टेकडी, 'स्लीव्ह' म्हणजे डोंगर. स्लीव्हमोर म्हणजे सरळ 'मोठा डोंगर'.

मग क्रमाने: १८३० च्या दशकातला सहा इंच म्हणजे एक मैल या मापाचा नकाशा, त्यावर एकेक घर दिसतं. त्यानंतर ग्रिफिथची आकारणी (१८४७ ते १८६४), म्हणजे घरागणिक कूळ, मालक, क्षेत्र आणि किंमत. त्यानंतर १९०१ आणि १९११ ची जनगणना, दोन्ही फुकट बघता येतात. मधलं का नाही, असं सगळे विचारतात. १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचा बहुतेक भाग १९२२ मध्ये डब्लिनच्या दफ्तरखान्याला आग लागली त्यात गेला, आणि १८६१ ते १८९१ च्या सरकारनेच नष्ट केल्या होत्या.

जनगणनेतला 'बी १' फॉर्म सोडू नका. त्यात भिंत दगडाची की मातीची, छप्पर स्लेटचं की पेंढ्याचं, खोल्या किती, दर्शनी खिडक्या किती, यांचे गुण देऊन घराचा वर्ग ठरवलेला असतो. 'बी २' मध्ये गोठा, कोंबड्यांचं खुराडं, डुकराचा खोपा. एका शिवाराचे हे दोन फॉर्म शेजारी ठेवले की गाव डोळ्यांपुढे उभं राहतं.

वयाबाबत सावध राहा. १९०१ मध्ये ५५ वर्षांचा असलेला माणूस १९११ मध्ये ७० चा निघतो. जानेवारी १९०९ पासून सत्तरी गाठलेल्यांना पेन्शन सुरू झाली होती, आणि जन्माची सरकारी नोंद तर १८६४ पासूनची. नोंद नसलेल्या माणसाचं वय काढायचं तर १८३९ चं वादळ आठवतं का, हा प्रश्न खरोखर उपयोगी पडे.

सगळ्यात शेवटी शाळांचा लोककथासंग्रह. १९३७ ते १९३९ मध्ये शाळकरी मुलांनी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून वह्या लिहिल्या. दुष्काळ, औषधी पाला, विहिरी, शिव्याशाप, सगळं आहे. अक्षर मुलांचं, पण भाषा आजी-आजोबांची. माझ्या मते गावाच्या इतिहासासाठी याहून मोलाचं साधन देशात नाही.

हंगामी मजुरी

अ‍ॅकिलची शेती वर्षभर पोसत नसे. जूनमध्ये टोळ्या स्कॉटलंडला बटाटे काढायला जात आणि आलेल्या पैशातून खंड व दुकानाची उधारी भागवत. १४ जून १८९४ ला वेस्टपोर्टजवळ बोट उलटून स्कॉटलंडला निघालेले ३२ जण बुडाले. अ‍ॅकिलची रेल्वे तेव्हा पुरी झाली नव्हती, तरी त्यांचे मृतदेह त्याच मार्गावरून आणले. मार्ग रीतसर १८९५ मध्ये उघडला. १६ सप्टेंबर १९३७ ला स्कॉटलंडमधल्या कर्किंटिलॉख इथे मजुरांच्या झोपण्याच्या जागेला आग लागून अ‍ॅकिलची दहा मुलं गेली, वयं १३ ते २३. तेही रेल्वेनेच आले, आणि त्याच महिनाअखेर रेल्वे बंद झाली. आता तिथे वेस्टपोर्ट ते अ‍ॅकिल असा ४२ किलोमीटरचा सायकलमार्ग आहे. त्यावरून जाणाऱ्यांना हे माहीत असावं असं वाटतं.

कीमचे शार्क

डुआच्या पुढे कीमचा उपसागर आहे. १९४७ ते १९७५ तिथे बास्किंग शार्क पकडत, एकूण १२ हजारांवर. हा मासा दहा मीटरपर्यंत वाढतो, पण खातो फक्त तरंगते सूक्ष्म जीव. किनाऱ्यापासून आडवं जाळं लावायचं, मासा गुरफटला की करख घेऊन जवळ जायचं. करख म्हणजे लाकडी बरगड्यांवर डांबर लावलेलं कापड ताणलेली होडी. त्या होडीतून लांब भाल्याने मणक्यात वार. शेपटीचा एक फटका होडी फोडायला पुरे. हवं असे ते यकृत, शरीराच्या वजनाच्या जवळजवळ चौथा हिस्सा, त्यातलं तेल यंत्रांसाठी जाई. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला हजारावर मिळत, मग झपाट्याने घटले. उशिरा वयात येणारा मासा असा उपसला की भरून निघत नाही. २०२२ पासून त्याला आयर्लंडमध्ये कायद्याचं संरक्षण आहे.

पीट

सरपणावर कुणी लिहिलं नाही म्हणून. एप्रिल-मेमध्ये वरची फूटभर मुळांची साय काढून टाकतात. मग श्लॉन नावाच्या, एका बाजूला पंख असलेल्या फावड्याने विटा कापतात, साधारण फूटभर लांब, चार इंच जाड. ओल्या विटेत नव्वद टक्के पाणी असतं. एक-दोन आठवडे आडव्या ठेवून वर साय धरली की पाच-सहा विटा एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या आणि डोक्यावर एक आडवी. याला 'फूटिंग' म्हणतात, आणि कंबर मोडते ती इथेच. हे काम शेजारपाजार मिळून करतात, त्याला आयरिशमध्ये मेहल असा शब्द आहे. आपली इर्जिक.

घाई केली तर ओली वीट हातात तुटते. लवकर कापली आणि दव गोठलं तर भुगा होतो. जूननंतर कापली तर घरी येईपर्यंत सुकत नाही. दलदल वर्षाला मिलिमीटरभर वाढते, म्हणजे मीटरभर खोल कापलं की हजार वर्षं जाळली. २०२२ च्या ऑक्टोबरअखेरपासून दुकानातून किंवा जाहिरात करून पीट विकायला बंदी आहे, पण ज्यांचा दलदलीवर जुना हक्क आहे ते स्वतःपुरतं कापू शकतात.

सोडा ब्रेड, थोडक्यात

पीटच्या निखाऱ्यांवर झाकणाच्या लोखंडी भांड्यात, झाकणावरही निखारे ठेवून हा भाजत. घरच्या ओव्हनसाठी: ४५० ग्रॅम मैदा (किंवा निम्मी कणीक), एक सपाट चमचा खाण्याचा सोडा, एक चमचा मीठ, ३५० ते ४०० मिली ताक. आपलं पातळ ताक चालत नाही, आंबट दह्यात थोडं पाणी घालून दाट ठेवा. मळायचं नाही, अर्ध्या मिनिटात गोळा करायचा. मळलात तर वीट होते. वर खोल फुली कापा, नाहीतर मध्यभाग कच्चा राहतो. २२० अंशांवर १५ मिनिटं, मग २०० वर २५ ते ३०. तळाला टकटक केल्यावर पोकळ आवाज आला की झाला. सोडा ताकात पडला की लगेच काम करू लागतो, म्हणून ओव्हन आधी तापलेला हवा.

डुआची वाळू नाहीशी होऊन परत आली हे खरं का, असं विचारलं होतं

हो, खरं आहे. १९८४ च्या वादळांत किनाऱ्याची वाळू धुऊन गेली आणि उघडे खडक राहिले. हॉटेलं बंद पडली. एप्रिल २०१७ मध्ये दहाएक दिवसांत सुमारे ३०० मीटरचा पट्टा परत आला. वाळू नष्ट झालेली नसते, खोल पाण्यात सरकलेली असते. वाऱ्याची दिशा आणि उधाणाची भरती जुळली की परत येते आणि तशीच पुन्हा जाते. जाण्याआधी गावात फोन करून विचारा, सध्या वाळू आहे की नाही.