‘ने’ म्हणजे नेमके काय? : अनुभव धागा

मराठीत ‘ने’ म्हणजे ‘घेऊन जा’, आणि नामाला जोडला की तृतीयेचा प्रत्यय. परक्या भाषांत हे अक्षर कानी पडले तेव्हा काय घडले, ते लिहावे. ऐकीव किस्से नकोत.

रांजणगाव : आमच्या कारखान्यात कोरियन अभियंते आहेत. त्यांचा ‘ने’ हा आदरार्थी होकार. वरिष्ठ बोलत असताना मध्ये मध्ये ‘ने, ने’ म्हणणे हा शिष्टाचार आहे, परंतु त्याचा अर्थ ‘पटले’ असा नसून पुष्कळदा ‘ऐकतो आहे’ एवढाच असतो. शब्दारंभीचा ‘न’ ते असा उच्चारतात की आपल्याला ‘द’ ऐकू यावा. पेटी उचलू का, असे स्टोअरमधल्या मुलाने खुणेने विचारले, उत्तर आले ‘दे, दे’, आणि त्याने ती सरळ साहेबांच्याच हातात ठेवली.

ओसाका : जपानी ‘ने’ वाक्याच्या शेवटी येतो. ‘सामुई देसु ने’, म्हणजे ‘थंडी आहे ना?’ आपला ‘ना’च म्हणा.

रत्नागिरी : मी ग्रीक मालकीच्या जहाजावर होतो. ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे ‘हो’ आणि ‘ओही’ म्हणजे ‘नाही’, हे पाठ करणे सोपे. परंतु नकार देताना तेथील माणूस मान वर झटकतो, ती आपल्याला संमती वाटते. कधी त्यासोबत जिभेने ‘च्च’ करतो, तो नकार मात्र थेट आपल्या घरचा.

म्लादा बोलेस्लाव : येथे, चेकमध्ये, ‘ने’ म्हणजे ‘नाही’. होकाराचा शब्द ‘आनो’, परंतु बोलण्यात तो अनेकदा नुसता ‘नो’ होतो, त्यामुळे इंग्रजीला सरावलेल्या कानांची पुरती फजिती होते. या ‘ने’चे संस्कृत ‘न’शी नाते आहे, तेव्हा हा योगायोग मानू नये.

इस्तंबूल : तुर्कीत ‘ने’ म्हणजे ‘काय’. बाजारात ‘ने कादार?’ म्हणजे ‘केवढ्याला?’ एवढे आले की काम भागते. ‘ने हे, ने ते’ अशा जोडीतला ‘ने’ मात्र निराळा. तो फारसीतून आलेला, आपल्या ‘ना हे, ना ते’चा भाऊबंद.

बुडापेस्ट : हंगेरियनमध्ये ‘नेम’ म्हणजे ‘नाही’ आणि ‘ने’ म्हणजे ‘नको’. ‘नेम मेग्येक’, मी जात नाही. ‘ने मेन्य’, जाऊ नकोस. या दोन नकारांत वर्गातले इंग्रजीभाषक सहाध्यायी आठवडाभर अडखळत होते. मराठी माणसाला तेथे समजून घ्यायचे असे काही उरतच नाही.