भावना सांगण्यासाठी इंग्रजी वाक्प्रचार पाठ करावेत का?

धागाकर्ता (रत्नागिरी): मी मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवतो. आनंद झाला की ‘ओव्हर द मून’ आणि धास्ती वाटली की ‘बटरफ्लाइज इन माय स्टमक’ असे वाक्प्रचार मुलांकडून घोकून घेण्याची जी पद्धत पडली आहे, ती बंद करावी असे माझे स्पष्ट मत आहे. सहामाहीत बरे गुण मिळाले तरी मुलगा ‘ओव्हर द मून’ लिहितो आणि ताईचे लग्न ठरले तरी तेच लिहितो. ब्रिटनमध्ये तर १९७०च्या दशकातल्या फुटबॉलपटूंच्या मुलाखतींतून हा वाक्प्रचार इतका झिजला, की तो थट्टेचा विषय झाला. त्याऐवजी ‘अनॉइड’, ‘अँग्री’, ‘फ्युरियस’ यांतली चढती तीव्रता मुलांना नीट समजली, तर आपल्याला राग नेमका किती आला आहे, हे तरी त्यांना सांगता येईल.

तारकर्लीकर: सर, केवळ तीव्रतेच्या पायऱ्या शिकवून भागणार नाही. आमच्याकडे उतरलेल्या एका इंग्रज जोडप्याने बांगड्याच्या तिखल्याबद्दल ‘नॉट बॅड ॲट ऑल’ एवढेच म्हटले, तेव्हा पहाटेपासून चुलीपाशी राबलेल्या माझ्या वहिनींचा चेहरा पडला. वास्तविक इंग्रजांच्या तोंडी ही चांगलीच दाद असते. उलट त्यांचे ‘क्वाइट गुड’ पुष्कळदा बेताचीच पसंती दाखवते. (तेच अमेरिकन पाहुणा म्हणाला, तर खुशाल खूश व्हावे.) वाक्प्रचार बोलता आले नाहीत तरी चालेल, पण ऐकल्यावर कळलेच पाहिजेत.

धागाकर्ता: ऐकून समजण्यासाठी शिकवण्यास माझी हरकत नाही. निबंधात ठिगळासारखे जोडण्यासाठी पाठांतर करून घेण्याला माझा विरोध आहे, आणि तो आपल्या अनुभवाने कमी होत नाही.

वेंगुर्लेकर: आपण दोघेही परीक्षा आणि पाहुणे यांच्यातच अडकला आहात. वाडीच्या व्हॉट्सॲप गटावर कोणी गेल्याची बातमी आली की खाली ‘आरआयपी’ची रांग लागते, याची मलाही चीड येते. मात्र मुंबईत नोकरी करणारा माझा मुलगा वडिलांना ‘मिस यू बाबा’ असे लिहितो, जे मराठीत त्याच्या तोंडून कधीच निघाले नसते. भाषाशास्त्रज्ञ जाँ-मार्क देवाल यांनी केलेल्या बहुभाषकांच्या अभ्यासातही असे आढळले, की प्रेमाचे आणि शिवीचे शब्द अनेकांना मातृभाषेत अधिक जड वाटतात. परक्या भाषेतले हे हलकेपण संकोची माणसाच्या उपयोगी पडते; म्हणून घोकलेले शब्दही मी सरसकट पोकळ मानणार नाही.

तारकर्लीकर: ताई, ‘आरआयपी’ टाकणाराही कदाचित असाच संकोची असेल, मग त्याची चीड कशाला?

वेंगुर्लेकर: कारण तो दोन घरे सोडून राहतो आणि मयताच्या दारात जाऊन नुसता बसला असता, तरी पुरले असते. मुलाला ती सोय नाही.

धागाकर्ता: तारकर्लीकर, पाहुण्यांचे असे आणखी शेरे आठवत असतील, तर ते कोणत्या देशाचे होते हे सांगून इथे जरूर लिहावेत. नववीच्या वर्गात पाठांतराच्या यादीऐवजी मी तेच फळ्यावर लिहीन.