प्रत्यारोपणानंतर हुरड्याला शेतात जाऊ द्यावे का?

प्रश्न : माझ्या यजमानांचे मूत्रपिंड प्रत्यारोपण होऊन पाच महिने झाले, मूत्रपिंड सासूबाईंनी दिले. आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी गावाकडून परभणीची पहाटेची बस धरणे संपले आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसे चालते ते दाखवणारा रक्तातला आकडा) १.३ वर स्थिरावले आहे. परवा ते तांब्याभर पाणी एका दमात प्यायले, तेव्हा मी नुसती पाहत राहिले, कारण तीन वर्षे मी त्यांना पाणी वाटीने मोजून देत होते. आता ते हुरड्याला शेतात जायचे म्हणतात. हात मात्र थरथरतात. जाऊ द्यावे का?

उत्तर १ : ताई, थरथर बहुधा टॅक्रोलिमसमुळे, म्हणजे शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळीमुळे असावी. डॉक्टरांना अवश्य सांगा, परंतु गोळी स्वतःहून कमी करू नका. औषधाची पातळी तपासायच्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यानंतरच द्या. आमच्याकडे एकदा ती आधी घेतली गेली आणि आलेल्या वाढीव आकड्याने घरभर घबराट उडाली. पपनसही टाळा, त्यानेही औषधाची पातळी वाढते.

उत्तर २ : माझ्या पत्नीच्या वेळी डॉक्टरांनी माती, शेणखत आणि मळणीची धूळ यांपासून दूर राहण्यास बजावले होते, कारण त्यांतील बुरशी प्रतिकारशक्ती दबलेल्या माणसाच्या फुप्फुसांत शिरू शकते. डॉक्टरांची परवानगी घेऊन, मास्क लावून, धुरापासून लांब बांधावर तासभर बसू द्या आणि हुरडा गरमच द्या. सासूबाईंचा रक्तदाब व लघवीची तपासणीही चुकवू नका. देणाऱ्याकडे घरचे सगळेच विसरतात.

प्रश्नकर्ती : सासूबाईंची तपासणी खरोखरच राहिली होती. सोमवारी दोघांनाही घेऊन जाते.