डोमेन पार्किंगच्या पैशावर विसंबू नका
पुढे विकायला म्हणून वेबसाइटची नावं (डोमेन) घेऊन ठेवणारे काही जण म्हणतात, 'पार्किंगच्या, म्हणजे नावाच्या रिकाम्या पानावर लावलेल्या जाहिरातींतूनच रिन्यूअलचा (दरवर्षीच्या फीचा) खर्च निघतो, मग नाव विकलं काय न विकलं काय'. पूर्वी निघायचाही. लोक तेव्हा ब्राउझरमध्ये थेट नाव टाइप करून बघायचे. आता सगळे सर्चमधून येतात, रिकाम्या पानावर फिरकतो कोण? माझ्या चाळीसेक नावांपैकी गेल्या वर्षी स्वतःची फी भरून काढणारी निघाली फक्त दोन.

व्हॉइस डॉट कॉम २०१९ मध्ये ३ कोटी डॉलरला गेलं, हे प्रत्येकाला तोंडपाठ असतं. पण तो एकच शब्द, आणि तोही डॉट कॉम! आपण घेतो ती तीन शब्दांची, मध्ये डॅश घुसवलेली नावं, आणि गिऱ्हाईक येईल म्हणून वर्षानुवर्षं फी भरत राहतो. (मीही भरलीय, लाज कसली.)

आणि हो, दुसऱ्याच्या ट्रेडमार्कशी जुळणारं नाव घेऊन त्यालाच विकायला जाऊ नका. इंटरनेटवरच्या नावांचा कारभार बघणाऱ्या आयकॅन संस्थेचं यूडीआरपी, म्हणजे नावांवरचे वाद सोडवायचं धोरण १९९९ पासून लागू आहे. त्यात तुमचा हक्क नाही आणि हेतू वाईट, असं ठरलं की नाव हातचं जातं, वर दमडीही मिळत नाही.

मुदत संपलेलं डॉट कॉम पकडायचं तर नोंदणी कंपनीनं ते रद्द केल्यापासून रिडेम्प्शनचे (जुन्या मालकाला नाव सोडवून घेता येतं ते) ३० दिवस आणि त्यापुढचे ५ दिवस मोजा. चांगली नावं मात्र बहुतेकदा त्याआधीच लिलावात उडतात.