वेणी कापड आत ओढते
बाळासाठी विणलेली वेणीच्या नक्षीची (टाके एकमेकांवरून नेऊन घातलेल्या पिळाची) बंडी छातीत घट्ट झाली म्हणालात ना, त्यात तुमची मोजणी चुकलेली नाही. वेणी कापड आत ओढतेच. मी खालची सुलट-उलट पट्टी संपली की सहा टाक्यांच्या दर वेणीमागे 2 टाके वाढवते. वेणीच्या दोन्ही बाजूंना 2-2 टाके उलट ठेवा, नाहीतर वेणी उठून दिसत नाही. पीळ दर सहाव्या ओळीला: 3 टाके जादा सुईवर पुढे धरायचे, पुढचे 3 सुलट, मग हे धरलेले. (माझी ती सुई हरवली तेव्हा केसांच्या आकड्यावर भागवलं!)

आणि एका खांद्याला शिवण न घालता बटणं लावा. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं. भाचीची पहिली बंडी गळ्यातून गेलीच नव्हती.